तीन उजेडांच्या बाई

आमच्या घरमालकीणबाईंना कुणी काहीही चांगलं म्हणून सांगितलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "कुठल्या उजेडात बघितलंत?" मग ती साडी असो, वांगी असोत, नाहीतर कुणाच्या पुतण्याला सांगून आलेली मुलगी असो. मी खोली बघायला गेलो तेव्हा सहज म्हणून गेलो, "छान आहे खोली." बाई म्हणाल्या, "आत्ता सकाळ आहे. दुपारी या, वर पत्रा आहे. मग दिवेलागणीला या, समोरच्या लॉजचा लाल बोर्ड खिडकीतून आत येतो. मग सांगा." मी खोल्या बघून कंटाळलो होतो, म्हणून दुपारी गेलो आणि संध्याकाळीही गेलो. सकाळची छान खोली दुपारी भट्टी झाली होती आणि संध्याकाळी लालभडक. तरी मी ती घेतली, कारण इतकं खरं सांगणारी घरमालकीण मला त्याआधी भेटली नव्हती.

घर नाशकात, द्वारकेच्या चौकापासून दोन गल्ल्या आत. मी ओझरला कारखान्यात होतो, पहाटेची बस मला चौकातून मिळायची. गाव नामपूर, असं मी पहिल्या दिवशी सांगितलं, आणि त्या दिवसापासून बाईंनी माझं खरं नाव वापरायचं बंदच केलं. "अहो नामपूर, गॅसचा वास येतोय का हो तुम्हाला?" अशी जिन्यातून हाक यायची. वास कधीच आलेला नसायचा. बाई बाहेर पडताना गॅसचं बटण तीनदा बघायच्या, कुलूप दोनदा ओढायच्या आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायच्या. मला यायला अर्धा तास उशीर झाला की फोन. "अपघात तर नाही ना झाला?" मी म्हणायचो, "बाई, झाला असता तर मी फोन उचलला असता का?" त्यावर त्या विचारात पडायच्या आणि पुढच्या वेळेपासून मी फोन उचलला नाही तर जास्तच घाबरायच्या. चेष्टा माझ्याच अंगलट आली.

बाई एका कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत नोकरीला होत्या. निवृत्त झाल्यावर पुढच्या खोलीत त्या रत्नं तपासून द्यायच्या. टेबलावर एक सूक्ष्मदर्शक, काचेच्या पेटीतला वजनाचा नाजूक काटा, एक टॉर्च, आणि भिंतीवर जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब. गळ्यात काळ्या दोऱ्यात भिंग. अंगावर रत्न म्हणाल तर एकही नाही. त्यांचं लग्न झालं होतं की नाही हे मला चार वर्षांत कळलं नाही, आणि विचारायची हिंमतही झाली नाही.

त्र्यंबकेश्वरला पूजा करून आलेले, ज्योतिषाने अंगठी सांगितलेले, सराफ बाजारातून खडा घेऊन मनात शंका धरून आलेले, असे लोक यायचे. प्रत्येकाला बाई एकच सांगायच्या, "तीनदा यावं लागेल. सकाळी खिडकीशी बघणार, दुपारी उन्हात, संध्याकाळी बल्बखाली." लोक म्हणायचे, मग ठेवूनच घ्या ना. तिथे बाई घाबरायच्या. परक्याचा दगड घरात असला की त्यांना झोप यायची नाही. त्यामुळे सिन्नरचा माणूस असला तरी त्याने दिवसभर खिशात खडा घेऊन नाशकात हिंडायचं आणि तीन वेळा बाईंच्या दारात हजर व्हायचं. निम्मे लोक दुसऱ्या वेळी यायचेच नाहीत.

या तीन उजेडांमागे एक हकिगत होती. ती मला बाईंनी एकदाच, भाजी निवडता निवडता सांगितली. काम नवीन सुरू केलं होतं तेव्हा दोन जावा सासूची अंगठी घेऊन आल्या होत्या. बाईंनी ट्यूबलाइटखाली बघून चिठ्ठी दिली की खडा हिरवा आहे, साधा आहे. थोरलीने त्या चिठ्ठीवर विसंबून अंगठी धाकटीला दिली आणि आपण बांगड्या घेतल्या. पुढे एका लग्नात, हॉलमधल्या पिवळ्या दिव्यांखाली, धाकटीच्या बोटातला हिरवा खडा चांगला वाइनसारखा लाल झाला. तसे दगड असतात, दिवसा एक आणि दिव्याखाली दुसरे, आणि ते फार दुर्मीळ असतात. थोरलीला वाटलं, धाकटी आणि बाई मिळालेल्या आहेत. घर फुटलं. "दगडाने कुणाला फसवलं नव्हतं हो," बाई म्हणाल्या. "मी एकाच उजेडात बघून बोलले." तेव्हापासून बाई कुठल्याही गोष्टीबद्दल छातीठोक बोलेनाशा झाल्या.

त्यांच्या मोतीबिंदूच्या वेळची गंमत तर सांगायलाच हवी. ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, आणि घरी आल्या आल्या बाई भिंतीकडे बघत बसल्या. "नामपूर, ही भिंत पांढरी आहे?" मी म्हटलं, पहिल्यापासून पांढरीच आहे. बाईंचा चेहरा उतरला. "मला तर ती पिवळसर दिसायची." दुसऱ्याला नवी दृष्टी मिळाल्याचा आनंद झाला असता. बाईंनी जुन्या वह्या काढल्या आणि गेल्या काही वर्षांत ज्यांच्या ज्यांच्या खड्याला 'किंचित पिवळा' लिहिलं होतं त्या सगळ्यांना फोन लावायला घेतले. "मी पिवळ्या डोळ्यांनी बघितलं होतं, परत दाखवून जा." लोकांना काही कळेना. एकाने सांगितलं, "मॅडम, खडा विकून त्याची मोटरसायकल घेतली, ती दाखवू का?" बाई म्हणाल्या, "नको, पण ज्याला विकलात त्याचा नंबर द्या."

संध्याकाळी शिफ्ट संपवून आलो की कधी कधी हाक यायची, "हात धुऊन या, गंमत दाखवते." गंमत म्हणायच्या, पण चेहरा परीक्षेला बसलेल्या मुलीसारखा. ट्यूब बंद करायच्या, दार लावायच्या, टेबलावर टॉवेल पसरायच्या. पडला तर? मग एका टॉर्चच्या उजेडात आपल्या नमुन्यांतला लसण्या, म्हणजे मांजराच्या डोळ्यासारखा खडा, धरायच्या आणि त्याच्या पाठीवर एक पांढरी रेघ उभी राहायची. दगड कलवला की रेघ सरकायची. "आत बारीक नळ्या असतात, सगळ्या एकाच दिशेने. येवल्याच्या रेशमाची लडी बघितलीत ना? धागे उभे आणि चमक आडवी. तसंच." एकदा गच्चीवर भर उन्हात त्यांनी मला करड्या नीलमातला सहा टोकांचा तारा दाखवला. खाली आणून ट्यूब लावली तर तारा गायब. मी दचकलो, मला वाटलं वाटेत कुठे निसटला की काय. बाई म्हणाल्या, "तारा तिथेच आहे. चहूकडून उजेड पडला की तो दिसत नाही, एकच दिवा लागतो." चंद्रमण्यात तर एक निळसर झाक आतल्या आत हिंडायची. मी त्या झाकेकडे बघायचो आणि बाई माझ्या कोपराकडे, ते टेबलाला लागू नये म्हणून.

मी तेव्हा एकतीस वर्षांचा होतो. शेतीवाल्या घरच्या, एकतिशी गाठलेल्या मुलाला आमच्याकडे मुली मिळत नाहीत. नोकरी असली तरी पहिला प्रश्न येतो, गावी राहावं लागेल का? आई हात टेकून बसली होती. सटाण्याच्या कुणा ज्योतिषाने सांगितलं की शुक्र अशक्त आहे, ओपल घाला. आईने नाशिकला येऊन बाजारातून ओपल घेतला. बाईंनी तो तिन्ही उजेडांत बघितला. पांढरट दगड, पण कलवला की आत लाल, हिरवा, जांभळा असे तुकडे पेटायचे. असली आहे म्हणाल्या, चांदीची अंगठी होऊन आल्यावर तिचं वजन करून ठेवलं, आणि मला एक चिठ्ठी दिली. "हा पाणी पिणाऱ्या जातीचा आहे. पाण्यात, दुधात घालायचा नाही. आईंना नीट सांगा." मी चिठ्ठी शर्टाच्या खिशात ठेवली. आईला सांगितलं नाही. रत्न दुधात शुद्ध केल्याशिवाय घालायचं नाही हे आईचं ठरलेलं, तिथे मी फिजिक्स सांगायला गेलो असतो तर दोन तास गेले असते. म्हटलं, काय होतंय.

आणि खरंच, अंगठी बोटात जायच्या आधीच निफाडकडचं स्थळ जमलं. मुलगी द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये माल तपासायच्या कामावर होती. आम्ही दोनदा भेटलो होतो, फोनवर बरंच बोललो होतो. ती माझ्या विनोदांना हसायची नाही, पण नंतर दोन दिवसांनी तोच विनोद मला परत सांगायची. मला ती फार आवडली होती. इतकी की रात्री फोन ठेवल्यावर मला भीती वाटायची, आता काहीतरी होणार आणि हे मोडणार. बाईंच्या घरात राहून तो रोग मलाही लागला असावा.

रविवारी नामपूरला साखरपुडा होता. शुक्रवार शुक्राचा, अंगठी त्या दिवशी घालायची, म्हणून आई गुरुवारीच माझ्या खोलीवर आली. रामकुंडावरून गंगेचं, म्हणजे गोदावरीचं, पाणी आणलं, त्यात निरसं दूध आणि मध घातला, अंगठी वाटीत सोडली आणि रात्रभर देवापुढे ठेवली. मी बघत होतो. चिठ्ठी कपाटातल्या शर्टाच्या खिशात होती.

शुक्रवारी सकाळी आंघोळ करून आईने अंगठी बाहेर काढली. दगडातले रंग गेले होते. शिजलेल्या साबुदाण्यासारखा तो नुसता पाणीदार, जरासा पिवळट दिसत होता. आईने तो पदराने पुसला, परत पुसला, खिडकीशी नेला. मग ती खाटेवर बसली.

"हाई काय जयं रे?" ती आमच्या अहिराणीत म्हणाली. आणि थोड्या वेळाने, अगदी शांतपणे, "दगडनी सांगी टाकं. ती पोर आपला घरमा नको."

मी अंगठी घेऊन जिना उतरलो, आई मागोमाग. बाईंनी दगड बघितला आणि माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. चिठ्ठीचं त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. त्यांनी अंगठी काट्यावर ठेवली आणि वही उघडली. वजन वाढलं होतं.

"पाणी प्यालाय," बाई आईला म्हणाल्या. "हे बघा, तुमच्याकडे साठवणीच्या चाळीत कांदा भरतात ना? एका मापाचे कांदे रचले की मधे सारख्या फटी राहतात. या दगडात तसे अगदी बारीक गोळे रचलेले असतात, आपल्या डोळ्यांना न दिसणारे. त्या रचनेमुळे उजेडाचे रंग होतात. आता फटींत पाणी भरलंय, म्हणून रंग बुजलेत. बाकी काही नाही."

बाईंना वाटलं, अगदी समजेल असं सांगितलं. आईचा चेहरा आणखी काळजीत पडला.

"चाळमा ओल गई का कांदा सडस, बाई. परत चांगला होत नही."

बाईंनी वही मिटली.

"रंग परत येतीन का नही, तेवढं सांगा," आई म्हणाली.

"वाळला की येऊ शकतात."

"येतीन का?"

मी बाईंच्या मागे उभा होतो. त्यांनी दगड परत उजेडाला धरला. "येतात बहुतेक. पण दूध आत गेलंय. कधी पिवळेपणा राहतो, कधी वाळताना तडा जातो. मी आत्ता कसं सांगू? वाळू दे, मग बघून सांगते."

आईला 'बहुतेक' नको होतं. तिने ठरवलं की रविवारचा कार्यक्रम पुढे ढकलायचा आणि रंग आले नाहीत तर स्थळाला नाही कळवायचं. "पाव्हणासले मी सांगसू," ती म्हणाली. वडील फोनवर म्हणाले, तुझी आई म्हणेल तसं.

वर पत्र्याखाली दगड फार लवकर वाळेल आणि तडकेल, म्हणून बाईंनी अंगठी आपल्या टेबलावर, बशीत, वर मलमलचा तुकडा टाकून ठेवली. परक्याचा दगड घरात न ठेवणारी बाई. शनिवारी सकाळी त्यांचे डोळे सुजलेले होते. आई खुर्ची टाकून बशीसमोर बसली ती उठलीच नाही. दर दोन तासांनी बाई वजन करायच्या आणि आई विचारायची, "उतरनं का?" "उतरलं, थोडं." मग दोघी चहा प्यायच्या. एकमेकींची भाषा धड येत नव्हती, पण घाबरण्यात दोघींचं चांगलं जमलं. दुपारपर्यंत आई काट्यावरचे आकडे स्वतः वाचायला शिकली होती.

शुक्रवारी संध्याकाळीच मी मुलीला फोन करून सगळं सांगितलं होतं. म्हणजे दगडाचं सांगितलं, चिठ्ठीचं नाही. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "उद्या दोनला सुट्टी होते. मी येऊन बघते."

शनिवारी ती आली. कामावरून थेट, खांद्याला पिशवी, चपलांवर धूळ. आईला नमस्कार केला, टेबलाशी बसली आणि बशीतली अंगठी निरखून बघितली. बाईंना तिने दोन-तीन प्रश्न विचारले. पाणी किती आत जातं, मधल्या भागापासून वाळतं की कडेपासून. बाई इतक्या खुलल्या की भिंग तिच्या हातात दिलं. कडेला, अगदी केसाएवढा, हिरवा रंग परतायला लागला होता. तिनेच तो आधी पाहिला.

मग तिने भिंग खाली ठेवलं आणि आईकडे वळून विचारलं, "आई, रंग आला तर मी चांगली, आणि नाही आला तर?"

"पोरी, तुना काही दोष नही," आई म्हणाली. तिचे डोळे भरले होते, ती खोटं बोलत नव्हती. "पण देवनी इशारा दिना तर मी काय करू? माले एकच पोरगा शे."

"आणि लग्नानंतर गेला तर? यांनी अंगठी घालून आंघोळ केली, आणि रंग गेला?"

आई बशीकडे बघत राहिली. मुलीने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. फोनवर एखादं वाक्य अर्धं सोडून ती जशी माझ्या बोलण्याची वाट बघायची, तसं.

"तुम्हाला काय वाटतं?"

माझ्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. दगडाचा आणि हिचा काही संबंध नाही. दगड माझ्यामुळे बिघडला, मला माहीत होतं आणि मी बोललो नाही. रविवारी साखरपुडा होणार, अंगठी असो नसो. एवढंच म्हणायचं होतं. आई समोर बसली होती, रात्रभर न झोपलेली. मी बशीतल्या त्या हिरव्या कडेकडे बघितलं आणि म्हणालो, "रंग येतोय ना आता. सोमवारपर्यंत थांबून बघू."

तिने मान हलवली. समोरचा चहा गार झाला होता, तो तिने पूर्ण संपवला, कप मोरीत नेऊन ठेवला, परत आईला नमस्कार केला आणि निघाली. बाई तिला रिक्षापर्यंत सोडायला गेल्या. त्या दिवशी त्यांनी गॅस बघितला नाही आणि कुलूपही ओढलं नाही. मी दारातच उभा होतो.

रविवार तसाच गेला. सोमवारी सकाळी आईने मला हाका मारून उठवलं. बशीत ओपल पेटला होता, लाल, हिरवा, जांभळा, पहिल्यापेक्षा एखादा रंग जास्तच. पिवळेपणा जेमतेम. तडा नाही. बाईंनी तो खिडकीशी बघितला, उन्हात बघितला, दिवसाढवळ्या पडदे ओढून बल्बखाली बघितला आणि म्हणाल्या, "आले." आईने देवापुढे साखर ठेवली आणि मला म्हणाली, लाव फोन, पाव्हणासले सांग.

मी गच्चीवर जाऊन फोन लावला. पॅकहाऊसचा आवाज मागे येत होता. मी म्हणालो, रंग आले.

"बरं झालं," ती म्हणाली. "आईंची काळजी मिटली. पण माझ्याकडून नाही आहे. घरी मी सांगितलंय."

"अहो, पण आता तर दगड ठीक आहे."

"दगडाचं काही नाही हो. मला दर वेळी सोमवारची वाट बघत बसता येणार नाही." आणि तिने फोन ठेवला. घाईने नाही, नीट 'ठेवते' म्हणून ठेवला.

मी खाली आलो. आई वर आंघोळीला गेली होती. बाई काट्याची काच पुसत होत्या. माझ्या अंगात कुठून राग आला कोण जाणे. मी म्हणालो, "तुम्ही शुक्रवारीच ठाम सांगायला हवं होतं, रंग येणार म्हणून. तुम्हाला माहीत होतं. तुम्ही नुसतं 'येणार' म्हटलं असतं तर आईने रविवारचा कार्यक्रम पुढे ढकलला नसता."

चिठ्ठी त्यांच्या हातची होती. त्या म्हणू शकल्या असत्या. त्यांनी काच पुसायची थांबवली.

"हो," बाई म्हणाल्या. "म्हणायला हवं होतं. मला भीती वाटली."

मग त्यांनी फडकं घडी घालून ठेवलं. मला वाटलं, विषय संपला.

"शनिवारी ती मुलगी इथे तासभर होती," त्या म्हणाल्या. "मला तिने सगळं विचारलं. पाणी कसं जातं, कसं निघतं. रंग परत येतील का, हे मात्र एकदाही विचारलं नाही. मी धास्तावून बसले होते, आता विचारेल म्हणून. तिला ते नकोच होतं. तिने एकच गोष्ट विचारली, आणि ती तुम्हाला विचारली."

वरून आईची हाक आली, तिला फोनचं अजून माहीत नव्हतं. अंगठी घेऊन ये, शुक्रवारले घालानी शे, यावेळी दुधात नको, नुसता धूप दाखवू. बाईंनी अंगठी मलमलच्या तुकड्यात गुंडाळून माझ्यापुढे केली. आणि मी ती घेऊन वर गेलो.